शेवळासोबत काकडं

पनवेल, पेण, कर्जत, वसई. मे सरत आला की या गावांच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायकांपुढे एक विचित्र दिसणारी भाजी येते. वीतभर लांब, टोकाकडे निमुळती, बाहेरून तपकिरी-जांभळट आणि आतून फिकी. चार-सहा कोंब एकत्र बांधून केलेल्या जुड्या. ही शेवळं. त्यांच्या शेजारी छोट्या हिरव्या फळांचा ढीग असतो, ती काकडं. गिऱ्हाईक नवखं असलं तर जुडी उचलतं आणि पैसे पुढे करतं. बाई पैसे घेण्याआधी मूठभर काकडं जुडीवर ठेवते आणि विचारते, “कशी करायची म्हाईत हाय ना, ताई?”

हा प्रश्न धंद्याच्या गोडीचा नाही. शेवळं खाजरी असतात. सुरणाच्याच कुळातली ही वनस्पती, तिच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक भरलेले असतात. नीट न केलेली भाजी एक घास खाल्ली तरी घसा तासभर धरून बसावं लागतं. म्हणून हाताला तेल लावायचं, वरची आवरणं सोलायची, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं अगदी बारीक चिरायचं आणि तेलावर खरपूस परतायचं. काकडं ठेचून, उकळून त्यांचा आंबट-तुरट रस पिळायचा आणि तो भाजीत घालून शिजवत ठेवायचं. आंबटाने खाज मरते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. मग त्यात कुणी वाल घालतं, कुणी चण्याची डाळ. सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरात सोडे, कोळंबी किंवा खिमा पडतो, आणि वर्षातून एकदाच होणाऱ्या या पदार्थासाठी लांबचे नातेवाईक हटकून त्याच रविवारी टपकतात. आगरी घरांतही शेवळाचं तेवढंच अप्रूप.

ज्यांनी ती जंगलातून आणली त्यांच्या घरी मात्र एवढा थाट नसतो. रायगड-ठाण्याच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकऱ्यांची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाचं चिन्ह दिसलं की परततात. भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल फिटलेली असते किंवा नसते. घरात धान्य बेताचंच असतं. शेतावरची मजुरी सुरू व्हायला अवकाश असतो आणि रानात वाट पाहावी असं फळही उरलेलं नसतं. नेमक्या या पोकळीत पहिल्या सरी पडतात आणि शेवळं जमिनीबाहेर येतात. त्यांच्या मागोमाग टाकळा, मग फोडशी, कुर्डू, भारंगी, कवळा, दिंडा, करटोली. शहरातल्या माणसाच्या लेखी हा पावसाळी चोचल्यांचा हंगाम असतो. वाडीवर तो आषाढातल्या रिकाम्या मडक्याचा हंगाम असतो, आणि भाज्या त्याच काळात येतात हा योगायोग मानण्याइतकं भोळं कुणी राहू नये. त्या उपाशी दिवसांत जे जे उगवलं ते माणसांनी चाखून पाहिलं, म्हणूनच ही यादी अशी तयार झाली.

शेवळाचा कंद वर्षातला बराच काळ मातीखाली निपचित असतो. मातीत ओल उतरली की आधी फूल वर येतं, पान नंतर. आपण खातो ते हे फूल, पूर्ण उमलायच्या आत तोडलेलं. उमललं तर त्याला सडक्या मांसाचा वास येतो आणि त्यावर किडे-माश्या जमतात. फुलानंतर जमिनीतून एकच छत्रीएवढं पान उभं राहतं, पावसाळाभर कंदाचं पोट भरतं आणि नाहीसं होतं. म्हणजे शेवळाचा बोलावणारा पाऊस. काकडाचं तसं नाही. तो मोठा वृक्ष, उन्हाळ्याच्या तोंडी पानं गाळून बसतो, निष्पर्ण फांद्यांवर मोहरतो आणि वैशाखभर फळ पोसतो. तो चालतो उन्हाच्या हिशेबाने. एकाचं बोलावणं आभाळातून, दुसऱ्याचं आदल्या ऋतूतून, आणि दोघांची गाठ ज्येष्ठात एका गोणपाटावर पडते. ती पडेलच, असं आजवर कुणाला वेगळं म्हणावंही लागलं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत आभाळाकडून येणारं बोलावणं फार पुढेमागे होऊ लागलं आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला आला आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, पाऊस २६ मे रोजीच मुंबईत हजर झाला. एवढ्या लवकर तो नोंदी ठेवायला लागल्यापासून कधीच आला नव्हता. त्या मे महिन्यात आधीच इतका अवकाळी पडला होता की उन्हाळा कुठे संपला आणि पावसाळा कुठे लागला हे सांगणं कठीण व्हावं. दोन वर्षांत महिन्याचं अंतर. मृगाचा दिवस धरून पिशवी घेऊन निघणारं गिऱ्हाईक २०२५ सारख्या वर्षी बाजारात पोचेपर्यंत शेवळं येऊन गेलेली असू शकतात, आणि काकडं अजून फांदीवर कोवळीच असू शकतात. चिंच आहे, आमसूल आहे, अडून राहत नाही काही. पण जंगलावर जगायला शिकणं म्हणजे पुष्कळसं वेळ ओळखणं असतं, आणि तो धडा आता दरवर्षी नव्याने गिरवावा लागणार असं दिसतं.

रानभाज्यांबद्दल बोलताना हल्ली सगळा भर नावांवर असतो. ही अमुक, ती तमुक, हिच्यात लोह, तिच्यात कॅल्शियम. नाव कळलं की भाजी कळली असं वाटतं. पण कडूकंदाचं उदाहरण घ्या. जंगलातल्या वेलीचा हा कंद भरपूर पिष्टमय आणि पोटाला आधार देणारा, पण तसाच खाल्ला तर विषारी. तो सोलून पातळ काप करायचे, राख घालून उकळायचे, पाणी ओतून द्यायचं, काप टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी चावून बघायचं. कडवटपणा राहिला असेल तर पुन्हा उकळ, पुन्हा ओढा. ही रीत ठाकरांकडे आहे, कातकऱ्यांकडे आहे, महादेव कोळ्यांकडे आहे, थोड्याफार फरकाने वारल्यांकडेही आहे. यातली प्रत्येक पायरी कुणाच्या तरी पोटदुखीतून किंवा त्याहून वाईटातून सुचलेली असणार. आणि या साऱ्या पाककृतीत नकळत गृहीत धरलेली एक गोष्ट आहे: ओढा वाहता असला पाहिजे. डिसेंबरातच आटणाऱ्या ओढ्याकाठी कडूकंदाचं काय करायचं, याचं उत्तर जुन्या ज्ञानात नाही, कारण हा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाच नव्हता.

खाण्याजोग्या रानवनस्पतींची यादी मात्र जुनी आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघालं. त्यानंतर काही वर्षांनी, १८८६ मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंचविसावा खंड निघाला, तो वनस्पतींचा. त्यात जोसे कामिलो लिस्बोआ या गोमंतकीय डॉक्टरांचं उपयुक्त वनस्पतींवरचं मोठं काम आहे, आणि दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या वनस्पतींची दखलही त्यात घेतली आहे. सरकारी छापखान्यातून निघालेल्या त्या पानांवर भुकेचं वर्णन शोधून सापडत नाही. तिथे लॅटिन नाव असतं, देशी नाव असतं आणि कोणता भाग खातात ते असतं. कुणी, कितव्या उपवासानंतर, किती पाण्यातून काढून खाल्लं हे त्यात येण्याचं कारणही नव्हतं. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. तेव्हाच्या माणसांना लाल मिलो आठवतो, कामावर मिळणारी सुकडी आठवते, खडी फोडलेले हात आठवतात. तरोट्याचा पाला शिजवून दिवस काढल्याचं मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रानातलं खावं लागणं ही लाजेची गोष्ट होती. आज तीच भाजी, कोकणात टाकळा आणि गोव्यात तायकिळो म्हणून, जुडीचा भाव ऐकून भुवया उंचावाव्यात इतकी मानाची झाली आहे.

लाज आणि मान यांच्या मधली एक जागा धर्माने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं काही चालत नाही. परसातलं, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं, एवढंच. अळू, माठ, सुरण, भोपळा, काकडी, शिराळं असं जे मिळेल ते एका पातेल्यात, फोडणी-मसाल्याची फारशी भानगड न करता शिजतं. शेतीच्या आधी माणसं कशी जगत होती याची ही वर्षातून एकदाची उजळणी म्हणता येईल. पुण्या-मुंबईतल्या भाजीवाल्यांकडे आता त्या दिवशी ‘ऋषीची भाजी’ चिरून, पाकिटात भरून मिळते. त्यातलं किती बैलाच्या कष्टाचं आणि किती ट्रॅक्टरच्या, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ट्रॅक्टरच्या कष्टाबद्दल शास्त्रात काही नसल्यामुळे ते चालतंही असावं.

उजळणीचा दुसरा दिवस सरकारी आहे. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला, राज्याचा कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. मंडपात टेबलं, टेबलांवर द्रोण, द्रोणांत पाला, समोर नावाची आणि गुणधर्मांची पाटी. बचत गटांच्या बायका उत्साहाने भाकरी-भाजी वाढतात, साहेब फीत कापतात, दोन घास खातात, फोटो होतात. याची थट्टा करणं सोपं आहे, पण ज्या भाजीपायी शाळेत मुलं चिडवायची ती भाजी कलेक्टरने मागून खाल्ली, याचं वजन त्या मंडपातल्या म्हातारीलाच विचारावं. अडचण वेगळीच आहे. ९ ऑगस्टपर्यंत शेवळं केव्हाच संपलेली असतात, फोडशी फुलावर आलेली असते आणि फुलावर आलेली फोडशी चरबट लागते. टाकळाही कोवळा राहिलेला नसतो. रानाला सभेची तारीख देता येत नाही.

शहरी उत्साहाचंही तसंच. जूनमध्ये ओळख-सहली निघतात, मोबाइलवर पान दाखवलं की नाव सांगणारी अॅप आहेत, समाजमाध्यमांवर करटोलीच्या भाजीच्या चित्रफिती धो धो चालतात. कुतूहल चांगलंच आहे. पण अॅप पानाचं नाव सांगतं. कंद उकरल्यावर तो कुणाचा आहे ते सांगत नाही. कळलावीची फुलं दिसायला जितकी देखणी, तिचा कंद तितकाच जीवघेणा. त्यात कोल्चिसीन असतं, आणि रताळं किंवा कसला तरी खायचा कंद समजून तो पोटात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अळंब्यांबद्दल तर बोलायलाच नको. वारुळावर कोणती येते आणि सडक्या ओंडक्यावर कोणती, यातला फरक दहा पावसाळे बरोबर हिंडल्याशिवाय नजरेत बसत नाही.

करटोलीची गंमत तर अनेकांनी अनुभवली आहे. बाजारात भाव कडाडतो म्हणून रानातला वेल कंदासकट उपटून परसात आणायचा, मांडव घालायचा, आणि श्रावणभर नुसती पिवळी फुलं बघत बसायचं. फळ एक नाही. करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. फूल येईपर्यंत दोघांत डावं-उजवं कळत नाही. मादीला फळ धरायचं तर जवळपास नर हवा, आणि संध्याकाळनंतर उमलणाऱ्या फुलांवर फिरणारे पतंग हवेत. रानात हे सगळं आयतं जुळलेलं असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार मिळाला. वाल, भात, वेलभाज्या यांचं बी मडक्यात, राखेत जपता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. रानभाजीचं तेवढ्याने भागत नाही, कारण तिच्याबरोबर कातळावरची ती पातळ माती, ती सावली आणि तो पतंगही राखावा लागतो.

काही वनस्पतींना मात्र बदलत्या हवेची फारशी फिकीर नसावी. घोळ घ्या. बांधावर, कुंडीत, फरशीच्या फटीत, कुठेही पसरणारी, लाल देठाची, जाड पानांची. चवीला किंचित आंबट-खारट, बेसन पेरून किंवा ताकातली छान लागते. या क्षुल्लक तणाच्या पानात दोन वेगवेगळ्या युक्त्या एकत्र नांदतात. ऊन कडक असलं तरी ती उसा-मक्याच्या पद्धतीने जोमाने अन्न तयार करते, आणि पाणी तुटलं की निवडुंगांच्या पद्धतीवर जाते, म्हणजे दिवसा पानांची दारं बंद ठेवून रात्री हवा आत घेते. या दोन्ही युक्त्या तिच्या पानातल्या त्याच पेशींत एकात एक गुंतलेल्या आहेत, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. उद्याच्या तापलेल्या, अधूनमधून कोरड्या पडणाऱ्या शेतासाठी याहून तयारीची भाजी शोधून सापडणार नाही.

पण ती शेतात राहू देतंय कोण? निंदणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारलं जातं. घोळ, चिवळ, कुर्डू, माठ, चंदनबटवा एका फवाऱ्यात पिवळे पडतात. निंदायला जाणारी बाई पूर्वी संध्याकाळी ओट्यात पालेभाजी घेऊन यायची. त्यासाठी वेगळा वेळ लागत नव्हता, पैसे लागत नव्हते, आणि ‘रानभाजी’ असं भारदस्त नावही लागत नव्हतं. पाऊस लहरी झाला म्हणून रानभाज्या चालल्या, असं म्हणताना हा पंप आठवला तर बरं. आभाळावर ढकलून मोकळं होता येण्यासारखी ही गोष्ट नाही.

आणखी एक गैरसमज पाल्याने पोट भरण्याचा. रानावर जगायचं म्हणजे टोपलीभर पाला खाऊन राहायचं असं शहरात बसून वाटतं. टोपलीभर टाकळा शिजून मूठभर होतो. त्याने जिभेला चव येते, अंगाला चार क्षार मिळतात, पण उखळीत कांडायला त्यात काही नसतं. रानावर खरोखर जगणाऱ्यांचं पोट कंदांनी भरलं, मासे-खेकड्यांनी भरलं, आणि पूर्वेकडे मोहाने. गोंदिया-गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलात मोहाची मांसल फुलं रात्री उमलतात आणि पहाटे झाडाखाली टपटप पडतात. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन घरंच्या घरं रानात असतात. ती फुलं कडक उन्हात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि साठवून महिनोन् महिने खाता येतात, भाकरीत, लाडूत, नुसती उकडून. लोकांना मोह म्हटला की दारूच आठवते ही त्या झाडावर झालेली जुनी बदनामी. वाळवणाच्या त्या दिवसांत आभाळ स्वच्छ लागतं. एक अवकाळी सर आली की अंगणातली फुलं काळी पडतात, कुजतात. विदर्भात मार्चमधली गारपीट आता कुणाला नवलाची वाटत नाही.

मग हे शिकायचं कुणाकडून आणि कधी? वाडीवरची पोरं आश्रमशाळेत जातात, आणि जावंच. कोकणातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे आजी ज्या आठवड्यात शेवळाला निघते, नेमक्या त्याच आठवड्यात नातवंडांच्या ट्रंका भरल्या जातात. दिवाळीच्या सुट्टीत ती परत येतात तेव्हा रानात दाखवण्याजोगं थोडंच उरलेलं असतं. वसतिगृहात मिळणाऱ्या जेवणात फोडशी नसते, आणि पुस्तकातल्या पालेभाज्यांच्या चित्रात पालक नि मेथी असतात. मुलांना रान कळेनासं झालं याचं खापर मोबाइलवर फोडायची पद्धत आहे. वेळापत्रकाकडे कुणी बोट दाखवत नाही.

२०२५ साली मात्र पाऊस शाळेच्या आधी आला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, उन्हाळी सुट्टी अजून शिल्लक, भट्ट्यांवरच्या कच्च्या विटांचा चिखल झालेला आणि माणसं आठवडाभर आधीच वाडीवर परतलेली. पोरंही घरात, आजीही घरात आणि डोंगरात शेवळं. त्या सुट्टीत किती पोरं कोयती घेऊन आजीच्या मागोमाग चढली, आणि किती जणांनी पहिल्याच दिवशी हात खाजवत परत येऊन पुन्हा नाव काढलं नाही, याची मोजदाद अर्थातच कुठल्या खात्याने ठेवलेली नाही. पुढच्या वर्षी पाऊस २६ मेला येईल की २५ जूनला, हे त्या आजीलाही सांगता येणार नाही. कोयतीला धार मात्र ती मेच्या पहिल्याच आठवड्यात लावून ठेवायला लागली असेल.